पाऊस यायच्या आधी मधपेटीत काय करायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या मधपाळांसाठी

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचाल. उन्हाळ्याच्या शेवटी पेटी कशी सांभाळायची याचे यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, पण ते बनवणारे लोक थंड देशातले, त्यांचा उन्हाळा ऑगस्टात संपतो आणि पुढे बर्फ. आपला संपतो मेमध्ये आणि पुढे काय असतं ते घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा ते ऑगस्ट म्हणतात तिथे तुम्ही मे समजायचं, आणि ते थंडी म्हणतात तिथे पावसाळा. जून ते सप्टेंबर येऊरचा डोंगर हिरवागार दिसतो, पण माशीला त्यात खायला फार नसतं, फुलं कमी, आहेत त्यातला रस पावसाने धुतलेला, आणि चार-चार दिवस माशीला बाहेरच पडता येत नाही.

दुसरं म्हणजे त्या व्हिडिओतली माशी मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशी, आपल्या पेटीत असते सातेरी, म्हणजे आपली देशी. मेलिफेरा सगळ्या फटी प्रोपोलिस नावाच्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने लिंपून टाकते म्हणून ते लोक लोखंडी पट्टीने कडाकड फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या लाकडी चौकटी, उचकटताना दिसतात. सातेरी प्रोपोलिस गोळा करतच नाही, फ्रेम अलगद सुटते, उगाच जोर लावू नका. आणि सातेरीचा मोठा स्वभाव असा की उपाशी राहिली, सारखी पेटी उघडून छळलं किंवा मेणकिडा (मेणाची पोळी खाणारी पतंगाची अळी) लागला तर ती झगडत बसत नाही, अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

माझं पहिल्या वर्षी हेच झालं. येऊरच्या पायथ्याला ओळखीच्यांची वाडी आहे, तिथे दोन पेट्या ठेवल्या होत्या. मेच्या शेवटी वरचा मध काढला तो काढला, शिवाय खालच्या फ्रेमच्या कोपऱ्यात जो जमला होता तोही एका पेटीतून सुरीने कापून घेतला, म्हटलं थोडासाच तर आहे. घरी बरण्या भरल्या, नातेवाइकांना वाटल्या, फोटो टाकले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती पेटी उघडली तर आत एक माशी नाही, पोळ्यांवर पांढरी जाळी आणि जाड जाड अळ्या. म्हणून खाली जे लिहितोय त्यात मध कसा काढायचा यापेक्षा कुठला काढायचा नाही हेच जास्त आहे.

तारीख आधी ठरवा

मुंबई-ठाण्यात मान्सून यायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण त्या तारखेवर पेटी सोडू नका, २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच आला होता आणि ज्यांनी मध जूनच्या पहिल्या रविवारी काढू म्हणून ठेवला होता ते बसले हात चोळत. मी आता सरळ १५ ते २२ मे हा आठवडा धरतो. तोपर्यंत जांभूळ, करंज, हिरडा वगैरेंचा मुख्य बहर आटपत आलेला असतो आणि वरच्या कोठीत जे भरायचं ते भरून झालेलं असतं. नवी मुंबईत खाडीकडच्या बाजूला पेट्या असतील तर तिवरांच्या फुलांवर अजून थोडी ये-जा दिसेल, तरी लोभ नको, एखादा आठवडा फार तर थांबा.

वेळ सकाळची, सात ते साडेनऊ. मेमध्ये अकराच्या उन्हात पेटी उघडायची नाही, का ते खाली येतंच. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर जाळी, परफ्यूम बंद. आणि हो, केळं खाऊन जाऊ नका, हसू नका खरंच सांगतोय, माशी डंख मारताना जो धोक्याचा वास सोडते त्यातला मुख्य घटक केळ्याच्या वासाचाच असतो. डंख लागला तर चिमटीत धरून ओढू नका, नखाने लगेच खरवडून काढा. चेहरा सुजायला लागला, अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

पेटी उघडल्यावर

नवीन असाल तर शब्द एकदा समजून घ्या. खालचा मोठा कोठा पिल्लांचा, त्याला सगळे ब्रूड म्हणतात. वरची बुटकी कोठी मधाची, ती सुपर. दोन्हीत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात, त्या फ्रेम. ब्रूड माशांचं घर आणि त्यांचा किराणा, सुपर हा वरकड माल. तुमचा हक्क फक्त वरकड मालावर.

धूर थोडाच द्या, दाराशी दोन फुंकर आणि झाकणाखाली एक, बस. सातेरीला जास्त धूर दिला की माशा पोळ्यावर सैरावैरा पळतात, फ्रेमच्या खालच्या कडेला घोस करून लोंबतात आणि मग काहीच बघता येत नाही. सुपर उचलून बाजूला एका ताटावर ठेवा, वरून ओलं फडकं टाका. मग ब्रूडची कडेची पहिली फ्रेम काढून बाहेर टेकवून ठेवा म्हणजे आत जागा होते आणि बाकीच्या सरकवून काढता येतात, मधलीच फ्रेम आधी खेचली तर राणी चिरडायची भीती असते.

आता उन्हाचं. मेच्या गरमीत मेण मऊ झालेलं असतं, त्यात नवीन पांढरं पोळं आणि वर मधाचं वजन. फ्रेम नेहमी उभी धरायची, पेटीच्या बरोबर वर, आणि दुसरी बाजू बघायची असेल तर पुस्तकाचं पान उलटतो तशी उभ्या उभ्याच फिरवायची. ताटासारखी आडवी केली की पोळं फ्रेममधून सुटून धपकन खाली. दुसऱ्या वर्षी माझं असंच पडलं, सुपरची फ्रेम होती म्हणून पिल्लं वाचली, पण मध पेटीवर सांडला आणि दहा मिनिटांत शेजारच्या पेटीतल्या माशा लुटायला हजर. ते बघितल्यावर कळलं की दरोडा कसा असतो. सांडलंच कधी तर लगेच पाण्याने धुवा आणि पेटी बंद करा.

ब्रूडच्या प्रत्येक फ्रेमवर बघायचं काय तर अंडी. घराच्या, म्हणजे पोळ्यातल्या षटकोनी खणाच्या, तळाशी बारीक तांदळाच्या कणीसारखी उभी दिसतात, ऊन आपल्या खांद्यामागून येईल असं उभं राहा म्हणजे सापडतील. अंडी दिसली म्हणजे राणी गेल्या दोन-तीन दिवसांत तिथे होती, तिला शोधत बसायची गरज नाही. मग बंद झाकणांची पिल्लं एकसलग आहेत की मधे मधे भोकं आहेत ते बघा, सलग हवीत. झाकणं टोकदार आणि मधोमध सुईसारखं भोक अशी घरं दिसली तर घाबरू नका, ते नर आहेत, सातेरीच्या नरांच्या घरांना तसंच असतं. पण पिल्लं मरून पाणी भरलेल्या पिशवीसारखी लिबलिबीत झालेली दिसली, तर त्या पेटीची फ्रेम, सुरी, काहीही दुसऱ्या पेटीला लावू नका. हा सॅकब्रूड विषाणू असू शकतो, यानेच १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या.

आणि मुख्य म्हणजे ब्रूडमधला मध मोजायचा. सातेरी पिल्लांच्या वर कमानीसारखा मध ठेवते. माझं माप साधं आहे, पिल्लांच्या प्रत्येक फ्रेमच्या वरच्या पट्टीखाली चार बोटं रुंदीचा सीलबंद मध हवा आणि दोन्ही कडांच्या फ्रेम जवळपास पूर्ण मधाच्या हव्यात. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, चार पावसाळे बघून बसवलेलं आहे. एवढं असेल तर वरची सुपर बिनधास्त तुमची. नसेल तर सुपरच्या दोन-तीन भरलेल्या फ्रेम त्यांच्यासाठी ठेवायच्या, त्या बुटक्या असल्या तरी ब्रूडच्या कडेला टांगल्या तर चालतात, खाली मोकळी जागा राहते तिथे माशा नंतर पोळं बांधतील, बांधू दे.

माशा किती फ्रेमवर दाट बसल्यात तेही मोजा. पाच-सहा फ्रेम असतील तर उत्तम. तीन-चार असतील तर पावसाळाभर खायला घालायची तयारी ठेवा. दोनच फ्रेमवर माशा असतील तर ती पेटी आपल्याकडच्या पावसात टिकवणं नवीन माणसाचं काम नाही, ती शेजारच्या पेटीला जोडा. जोडायची पद्धत सोपी आहे, कमजोर वसाहतीची राणी काढायची, चांगल्या वसाहतीच्या ब्रूडवर एक वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, त्याला खिळ्याने पाच-सहा भोकं, आणि वर कमजोर वसाहतीचा कोठा. दोन-तीन दिवसांत माशा कागद कुरतडतात आणि तोवर एकमेकींच्या वासाची सवय झालेली असते. पेट्या लांब असतील तर त्या आधी रोज थोड्या थोड्या सरकवून जवळ आणाव्या लागतात, एकदम उचलून आणल्या तर बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागी परततात.

मध काढणं

सुपरमधली फ्रेम किमान पाऊण भाग मेणाने सील झालेली असेल तरच घ्या. उघड्या घरांतला मध पिकलाय की नाही ते बघायला फ्रेम उभीच धरून पेटीवर हलकासा झटका द्या, थेंब उडाले तर कच्चा, परत ठेवा. कच्च्या मधात पाणी जास्त असतं आणि तो आंबतो, बरणीचं झाकण फुगतं, फेस येतो. नियमाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांच्या वर नको, आणि सातेरीचा मध आपल्या दमट हवेत त्या रेषेच्या आसपासच घुटमळत असतो. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर (मधातलं पाणी मोजायचं साधन) घेतलात तर वरण-भाताला मीठ बघतो तसा एक थेंब टाकून कळतं. विकायचा विचार असेल तर तो घ्याच आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीसुद्धा करा, घरगुती प्रमाणावर विकलं तरी लागते.

फ्रेमवरच्या माशा मऊ ब्रशने किंवा पानांच्या डहाळीने खाली ब्रूडवर झटका आणि फ्रेम लगेच झाकणाच्या डब्यात. उघड्या बादलीत नाही. घरी आणल्यावर स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला कागद, कारण वास लागला की आसपासच्या सगळ्या माशा येतात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येतं. मी बेडरूममध्ये एसी लावून करतो, त्याने हवेतला दमटपणा कमी होतो आणि मध पाणी ओढत नाही. बायकोचं यावर मत वेगळं आहे ते इथे लिहीत नाही.

मधयंत्र (फ्रेम गरगर फिरवून मध बाहेर काढणारं) असेल तर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, वरची मेणाची झाकणं अलगद सोलायची आणि यंत्र आधी हळू फिरवायचं, एक बाजू अर्धी निघाली की फ्रेम उलटी, मग दुसरी बाजू, मग परत पहिली. सातेरीचं पोळं नाजूक, पहिल्याच दमात जोरात फिरवलं की चुरा होतो. यंत्र नसेल तर पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, एखाद्या मधपाळाकडून दिवसभरासाठी मागा. पोळं पिळून मध काढायचा मात्र नाही, कारण रिकामं झालेलं अख्खं पोळं हीच खरी कमाई आहे, ते ऑक्टोबरनंतर माशांना परत दिलं की त्यांचा मेण बांधायचा वेळ वाचतो आणि मध लवकर भरतो.

गाळणीतून गाळून स्टीलच्या पातेल्यात झाकून एक-दोन दिवस ठेवा, फेस आणि मेणाचे कण वर येतात ते काढा, मग कोरड्या काचेच्या बरणीत. गरम करायचा नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

रिकाम्या फ्रेमचं काय

ओल्या फ्रेम संध्याकाळी उशिरा परत त्याच पेटीवर सुपरमध्ये ठेवा, रातोरात माशा चाटूनपुसून कोरड्या करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुपर उतरवून घ्यायची. पावसाळ्यात ती वर ठेवायची नाही हे नवीन लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं जागा आहे तर राहू दे. पण माशा कमी झाल्यावर वरच्या पोळ्यांवर पहारा द्यायला कोणी उरत नाही, आणि रिकामं पोळं म्हणजे मेणकिड्याच्या पतंगाला आमंत्रण.

उतरवलेली पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस, म्हणजे मेणकिड्याची अंडी-अळ्या मरतात. फ्रीजरमध्ये जागा करायला आधी घरातल्या लोकांशी बोलून ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पोळ्यावर पाणी सुटून बुरशी येते. मग तशीच बंद पिशवी हवाबंद डब्यात. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास मेणात मुरतो आणि पुढे मधात उतरतो.

ब्रूडमधलीही काळीकुट्ट, रिकामी, माशा नसलेली जुनी पोळी काढून टाका, सातेरी तशीही जुन्या पोळ्याला कंटाळते आणि ताजं बांधते. फ्रेम कमी केल्यावर शेवटच्या फ्रेमच्या पुढे एक लाकडी फळी उभी लावून उरलेली जागा बंद करा म्हणजे आतली ऊब टिकते. पिल्लांना ३४-३५ अंश लागतं आणि ओल्या हवेत मूठभर माशांना मोठी खोली गरम ठेवायला जमत नाही.

पावसाची तयारी

झाकणावर ताडपत्री किंवा पत्रा, पण बाजूची हवेची भोकं मोकळी. पेटी पुढच्या बाजूला किंचित झुकलेली, तळाशी पाणी साचलं नाही पाहिजे. पेटीला दोरी किंवा वर दोन विटा, आपल्याकडचा वारा माहिती आहे. दार दोन माशा जातील एवढंच ठेवा. स्टँडच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असतातच, त्यात थोडं तेल टाका, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचे डेंग्यूवाले तपासायला आले की सोसायटीतल्या गच्चीवरची पेटी पहिली दिसते. त्यांच्याशी गोड बोलून धूरफवारणी कधी आहे तेही विचारून घ्या, त्या संध्याकाळी माशा परतल्या की दाराला जाळी लावून दोन-तीन तास बंद ठेवता येतं.

खायला घालणं

साखरपाक सुपर उतरवल्यानंतरच, आधी कधीच नाही, नाहीतर तुम्ही साखरेचं पाणी मध म्हणून बरणीत भराल. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून गॅस बंद करायचा मग साखर विरघळवायची, करपवायची नाही. गूळ नको, काकवी नको, माशांचं पोट बिघडतं. दुकानातला मध तर अजिबात नको, दुसऱ्या माशांचे रोग त्यातून येतात. मी नारळाची करवंटी वापरतो, ब्रूडच्या फ्रेमवर ठेवायची, त्यात पाऊण वाटी ते वाटीभर पाक आणि वर वाळक्या काड्या टाकायच्या म्हणजे माशा बुडत नाहीत. करवंटीपुरती जागा व्हायला वर रिकामी सुपर फ्रेमशिवाय ठेवता येते.

अंधार पडताना द्यायचं, आणि दोन-तीन पेट्या असतील तर सगळ्यांना त्याच दिवशी, नाहीतर न मिळालेल्या मिळालेल्यांवर धाड टाकतात. सकाळी उरलं असेल तर फेकून द्या, आंबलेलं ठेवू नका, आणि पुढच्या वेळी कमी द्या. कमजोर पेटीला झडीच्या दिवसांत चार-पाच दिवसांनी, चांगल्या पेटीला कदाचित महिन्यातून दोनदाच.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्सुकता म्हणून पेटी उघडू नका. मागच्या बाजूने दोन बोटं लावून जरा उचलून बघा, मेअखेरीस असंच उचलून वजन हाताला लावून घ्यायचं म्हणजे फरक कळतो. हलकी लागली तर पाक. उघडीप मिळाली तर पंधरा दिवसांतून एकदा ब्रूडचा कोठा उचलून तळपाटावरचा, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवरचा, मेणाचा भुगा आणि काळी लेंडी साफ करायची, मेणकिड्याची सुरुवात तिथूनच दिसते. दारात परागाचे गोळे पायाला लावून माशा येतायत का बघा, नारळ असतील जवळपास तर पावसातही थोडा पराग येतो.

गणपतीच्या पुढेमागे डोंगरावर तेरडा-सोनकी दिसायला लागतात, आणि नशीब असेल तर कारवी, ती आपल्या येऊर-बोरिवलीच्या जंगलात आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आता २०३२. फुलं सुरू झाली की पाक बंद. आणि फ्रीजर केलेली पोळी परत चढवायच्या आधी ब्रूडमधला साखरेचा साठा माशांना संपवू द्या, कारण सुपर लवकर चढवली तर तो साठा वर सरकतो आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकांना मध म्हणून तोच खायला घालाल.